उंबऱ्यावर थांबलेली मुलगी

आई,

उद्यापासून तीन दिवस नाशकात माझे सहाच्या सहा सिनेमे दाखवणार आहेत. तू होतीस तोवर चार झाले होते, दोन तुझ्यामागे झाले. त्यासाठी एक पुस्तिका छापलीय, गुळगुळीत कागदाची, आणि तिच्यात लिहिलंय की माझ्या कामात 'तारुण्य, अस्मिता आणि एकाकीपण यांचा सातत्यपूर्ण शोध' आहे. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि लगेच तुझा आवाज ऐकू आला. "म्हंजे तरण्या पोरी एकट्या पडत्यात आन् आपन कोन हाय ते हुडकत्यात, असंच ना? मग तसं लिव्हायला काय झालं?" काही झालं नव्हतं, आई. पण तसं लिहिलं असतं तर पुस्तिका दोन ओळींत संपली असती आणि लिहिणाऱ्याला कुणी विद्वान म्हटलं नसतं. मुखपृष्ठावर माझ्या पहिल्या फिल्ममधलं चित्र आहे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबलेली मुलगी. तिच्याबद्दल उद्या मला मंचावर विचारणार. गेली कित्येक वर्षं विचारतायत. माझं उत्तर तोंडपाठ झालंय, त्याला टाळ्याही पडतात. ते उत्तर खोटं आहे हे तुला आणि त्या मुलीला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तू गेल्यावर मी निर्धास्त झाले. उद्या तेच द्यायचं की खरं सांगून टाकायचं, हे ठरवायला मी सकाळपासून हा कागद पुढ्यात घेऊन बसलेय.

मला मुलाखतीत गुरू विचारतात. मी पुण्यातल्या संस्थेतल्या दोन सरांची नावं घेते, ती खरीच आहेत. पण मला बघायला शिकवलं ते थिएटरच्या लेडीज क्लासनं, बायकांसाठी राखून ठेवलेल्या त्या रांगांनी. वडील वारल्यावर तू तिथं डोअरकीपर म्हणून लागलीस तेव्हा मी शाळेत होते. निळ्या काठाची साडी, हातात बॅटरी, दाराशी तुझं लाकडी स्टूल. तू एवढी वर्षं सिनेमाच्या घरात काढलीस आणि एकाही सिनेमाची सुरुवात तुला धड माहीत नव्हती, कारण सुरुवातीला तू उशिरा आलेल्या बायकांना खुर्च्या दाखवत असायचीस. बॅटरी पायाशी मारायची, तोंडावर मारायची नाही, हा तुझा नेम. दुसरा नेम असा की एकटी आलेली मुलगी भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवायची नाही. तिला तू मधल्या वाटेलगतची खुर्ची द्यायचीस, आपल्या स्टुलाजवळची, आणि कुणी जाडजूड बाई "आम्ही आधी आलो" म्हणून भांडायला लागली तर तिला म्हणायचीस, "तुम्ही चौघी हाय ताई, तुमाला कुठं बी करमंल." त्या काळी एकटी मुलगी सिनेमाला येणं म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणारच अशी लोकांची समजूत. तू मात्र तिला कधी काही विचारलं नाहीस.

सकाळी भाकरी थापताना तू मला आदल्या दिवसाचा सिनेमा सांगायचीस, पण गोष्ट पडद्यावरची नसायची. सिव्हिल हॉस्पिटलमधली नर्सिंगची पोरगी तिसऱ्यांदा आली होती आणि सगळ्या बाया रडल्या तिथं ती हसली. टायपिंगच्या क्लासवाली शेजारची खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर आपली पर्स ठेवते, जणू कुणी येणार आहे. पेठ तालुक्यातनं आलेली एक आदिवासी मुलगी मध्यंतरात उठतच नाही, कारण उठल्यावर परत बसता येतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तू हे सगळं तव्याकडे बघत सांगायचीस आणि मी दप्तर भरता भरता ऐकायचे. माझ्या सहा सिनेमांतल्या झाडून साऱ्या मुली मला तव्याशेजारी मिळाल्या, हे मी कुठल्याच पुस्तिकेत छापू दिलेलं नाही. चोरी आपल्या घरातली होती, म्हणून पचली.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी कॉलेजच्या चित्रपट मंडळात होते. तिथल्या सरांकडे आठ मिलिमीटरचा कॅमेरा होता, भावानं परदेशातून आणलेला, आणि ते तो पोटच्या पोरासारखा जपायचे. त्यांनी मला पहिली फिल्म करू दिली. आठ मिनिटांची, मुकी. वसतिगृहात राहणारी एक मुलगी घरची आठवण काढते, एवढीच गोष्ट. मुलगी म्हणून मी आपल्या कॉलनीतली पोस्टमनची लेक घेतली, आणि तिचं घर म्हणून पंचवटीतल्या माझ्या वर्गमैत्रिणीचं घर घेतलं. आपलं घर माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आपल्या बौद्ध कॉलनीतल्या दोन खोल्या, पत्रा, एक काचेचं कौल, काळवंडलेली जर्मनची पातेली. हे सिनेमात कसं चालेल? सिनेमातल्या स्वयंपाकघरात पितळेचे डबे उतरत्या क्रमानं मांडलेले असतात, खिडकीत तुळस असते. मैत्रिणीकडे ते सगळं जागच्या जागी होतं. तिची आई, आमच्या काकू, फार भली बाई. आम्ही कॉलनीतल्या मुली गेलो की लिंबाचं सरबत करायची. ते सरबत आम्हाला नेहमी बाहेरच्या खोलीत आणून मिळायचं, आणि पाणीही. तिनं आम्हाला आत येऊ नका असं कधी म्हटलं नाही. आम्हीही कधी गेलो नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये भिंतीवर चादर लावून फिल्म दाखवली त्या दुपारी तू ड्यूटी बदलून आलीस, इस्त्रीची साडी नेसून, मागच्या रांगेत. फिल्ममध्ये मुलगी सुट्टीत घरी येते, स्वयंपाकघरात जाते, हंड्यातलं पाणी पिते. आत जाताना उंबऱ्यावर क्षणभर थांबते. सर उठून उभे राहिले. म्हणाले, "काय थांबवलंयस तिला! आपल्याच घरात परकी झालेली मुलगी! एवढ्या वयात ही समज!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून हसले. ते थांबणं मी तिला सांगितलेलं नव्हतं. खरं म्हणजे ते मला दिसलंही नव्हतं, पण आयता आलेला मोठेपणा कोण परत करतो? पुढे पुण्याच्या स्पर्धेत त्याच थांबण्याला बक्षीस मिळालं. तेव्हापासून मी तेच सांगत आलेय, की तो क्षण मी विचार करून घेतला.

फिल्म दाखवली त्या संध्याकाळी नाशिकरोडच्या बसची वाट बघत आपण थांब्यावर उभ्या होतो. मी वाट बघत होते ती तुझ्या कौतुकाची. तू पिशवीचे बंद गुंडाळलेस आणि विचारलंस, "त्या पोरीचं घर कुनाचं व्हतं?"

"तिचंच," मी म्हटलं. "म्हणजे सिनेमात तिचंच."

"तिचं नाय ते. आपल्या घरात पोरगी उंबऱ्याला थांबती व्हय? पाय उचलला व्हता तिनं, मागं घेतला. आन् बाजूला बघितलं, कुनी पानी देतंय का म्हनून. तहान लागल्याली पोर आपल्या घरात अशी नाय करत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं कॉलेज टाळ्या वाजवत होतं आणि माझी आई चुका काढत होती! मी भर थांब्यावर बोलले, "तुला सिनेमातलं काय कळतं? तू दारात उभी असतेस." शेजारच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. तू रागावली नाहीस. म्हणालीस, "व्हय, दारातच असते. आत येनारी कसा पाय टाकती तेवढं मातर बघते. तेवढंच काम हाय माजं." मग बस आली. मी पुढे बसले, तू मागे, आणि मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही.

पाचव्या दिवशी मी सरांकडे गेले आणि फिल्म हातानं फिरवून बघायच्या छोट्या यंत्रात लावली. एकेक चौकट पुढे सरकवत गेले. पोस्टमनच्या लेकीचा पाय उचलतो. उंबऱ्याच्या वर येतो. मागे जातो. ती डावीकडे बघते, जिथे काकू चौकटीबाहेर उभ्या होत्या, आणि वाट बघते. मग कुणी काही देत नाही म्हटल्यावर तिला आठवतं की आपण नाटक करतोय, आणि ती आत जाते. सर ज्याला समज म्हणत होते, ती त्या पायांची सवय होती. मी तिला जाऊन विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "मला कळलंच नाही गं. पाय थांबला." तिच्या घरी कुणी तिला असं थांबायला शिकवलं नव्हतं, तिच्या बापानं तर हयातभर दारोदार टपाल वाटलं, ताठ मानेनं. तरी तिचा पाय थांबला. आणि मी ते फिल्ममध्ये तिचं घर म्हणून दाखवलं. मला तेव्हा तुझा भयंकर राग आला, कारण तुझं खरं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुसरी फिल्म केली. तीच मुलगी, तेच घरी येणं, तेच पाणी. या वेळी आपलं घर. सरांनी सांगून ठेवलं होतं की हे शेवटचं रीळ आहे, तीन मिनिटांचं, पुढचं मुंबईहून यायला महिना लागेल. म्हणजे चुकायची सोय नव्हती. मी आदल्या दिवशी जर्मनची पातेली पलंगाखाली लपवली आणि शेजाऱ्यांचा पितळी हंडा मागून आणला. तू कामावरून आलीस, हंडा उचललास आणि सरळ शेजारी परत देऊन आलीस. पातेली काढून फळीवर मांडलीस. मला म्हणालीस, "आमी काय सोंगाला बसलोय का?" सकाळी काचेच्या कौलातनं उन्हाचा पट्टा बरोबर चुलीजवळ पडायचा, तो जेमतेम अर्धा तास टिकायचा. पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवून तू तो उजेड तिच्या तोंडावर टाकायला उभी राहिलीस, आणि मी कॅमेरा घेऊन बाहेरच्या खोलीत. तू ओरडलीस, "आत ये की! दारातनं काय चोरावानी बघतीस?" मी आत आले. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, पिठाच्या डब्याशेजारी बसले. पोस्टमनची लेक घाबरली होती. सारखी विचारत होती, मी काय करू, कसं करू. माझ्याकडे पाच पानांच्या सूचना होत्या. तू मध्येच म्हणालीस, "दिसभर खपून आलीस. तहान लागली. पानी कुठं हाय?"

"माठात."

"मग?"

"मग काय, पिते."

"हां. तेवढंच कर."

मी बटण दाबलं. ती आली, चप्पल पायानंच भिरकावली, थेट आत घुसली, पेला बुडवला, घटाघटा प्यायली, अर्धं पाणी छातीवर सांडलं, मनगटानं तोंड पुसलं. आणि मग कुणीही न सांगता तिनं भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं उचललं, एक तुकडा मोडला आणि उभ्याउभ्या खायला लागली. तू हसलीस. तुझ्या हसण्यानं पुठ्ठा हलला आणि फिल्ममध्ये उजेड थरथरतो, नीट बघितलं तर कोपऱ्यात तुझ्या बांगड्याही दिसतात. पुस्तिकेत या फिल्मबद्दल लिहिलंय की पहिलीतला संयम इथं हरवतो. हरवू दे! मी आजही ही फिल्म लागली की उभी राहून बघते. हीच दाखवून मला पुण्याला प्रवेश मिळाला, आणि तो मिळाला त्या दिवशी तू कॉलनीत पेढे वाटताना सांगत होतीस, "सिनेमात माज्या घरची भाकर हाय."

पुण्याच्या शेवटच्या वर्षाला मी पेठच्या एका आदिवासी तरुणाची फिल्म केली. वीस-बावीस वर्षांचा गडी, द्राक्षाच्या बागेत कामाला, दर रविवारी नाशकातल्या मोठ्या एसटी स्टँडवर, सीबीएसवर येऊन पेठची गाडी सुटताना बघायचा आणि चढायचा नाही. त्याच्याकडची कोकणा आदिवासींची बोली इथं कुणाला कळायची नाही, इथली मराठी त्याला नीट यायची नाही, म्हणून तो आठवडाभर बोलतच नसे. मी त्याला स्टँडच्या मागं, रिकाम्या बाकावर एकटा बसवला होता. तू डबा घेऊन आलीस आणि म्हणालीस, "त्याला तिकडं कशाला टाकलं वाळीत? मानूस गर्दीत एकटा असतोय. त्या लगीनवाल्यांच्या शेजारी बसव." त्या वऱ्हाडातल्या एका म्हातारीनं त्याला न विचारता लाडू दिला, आणि तो खाताना त्याचे डोळे भरून आले. या फिल्मनं मला परदेशात नेलं. तिथं लोक विचारत होते, ही कल्पना कुठून सुचली. मी म्हटलं, डब्यातून. त्यांना वाटलं मी विनोद करतेय.

आणि मग तो रविवार. माझा पहिला मोठा सिनेमा, नर्सिंगच्या तीन मुलींचा. नाशकात तो लावायला कुणी तयार नव्हतं. ना गाणी, ना मारामारी. तू मॅनेजरसाहेबांकडे गेलीस आणि म्हणालीस, "सकाळचा एक खेळ द्या. पडला तर मला कामावरनं काढा." मला हे नंतर कळलं, नाहीतर मी तुला जाऊच दिलं नसतं. तुझी नोकरी म्हणजे आपलं सगळंच होतं. सकाळी आठलाच रांग लागली. आख्खी कॉलनी आली होती, सिव्हिलच्या मुली ड्यूटीवरून पांढऱ्या साड्यांत तशाच आल्या होत्या, टायपिंगवाल्या आल्या होत्या, आणि एकएकट्या मुली तर कुठून कुठून. त्यातल्या कुणाला तू मागच्या वर्षी म्हणे सांगून ठेवलं होतंस, "माजी लेक तुमच्यावर सिनेमा काढती." हाऊसफुल्लचा बोर्ड तू स्वतः पदरानं पुसून लावलास. मॅनेजरसाहेब म्हणाले, "बाई, आज तरी बसा." तू म्हणालीस, "आज तर जास्त काम हाय," आणि बॅटरी घेऊन दारात उभी राहिलीस.

मी पडद्याकडे बघितलंच नाही. दोन तास तुझ्याकडे बघत होते, आणि तू बायकांकडे. एका मुलीला घरचं पत्र येत नाही त्या प्रसंगी तू पुढं वाकून तिसऱ्या रांगेत कुणाकडे तरी बघत राहिलीस. संपल्यावर खालून शिट्ट्या आल्या, वरून टाळ्या. कुणीतरी मला उचलायचा प्रयत्न केला. पांढऱ्या साडीतली एक मुलगी माझा हात धरून नुसती उभी राहिली. मी सगळ्यांतून वाट काढत तुझ्याकडे आले. पुण्याचे सर, परदेशातले परीक्षक, कुणाचीच मला एवढी भीती वाटली नव्हती. तू स्टूल उचलून बाजूला ठेवलंस आणि म्हणालीस, "एक बी बाई मधून उठली नाय. संडासला बी नाय." आणि मग माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडलीस, भर थिएटरात, सगळ्यांसमोर. त्यानंतर मला मिळालेली पदकं कपाटात आहेत. त्यांतलं एकही मला त्या वाक्याच्या जवळपास वाटत नाही. तो खेळ पुढे सहा रविवार चालला.

तर उद्या खरं सांगायचं ठरवलंय. सांगणार की ते थांबणं मी योजलेलं नव्हतं, मला दिसलंही नव्हतं, आणि जिला दिसलं ती याच शहरात लेडीज क्लासच्या दाराशी नोकरीला होती. पोस्टमनच्या लेकीला फोन करून विचारलं, सांगू का? ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीय, अजून तशीच खणखणीत बोलते. म्हणाली, "बिनधास्त सांग. पाय माझे होते, तू कशाला लाजतेस? आणि मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेव." टाळ्या कमी पडल्या तर पडल्या. मला वाटतं, उलट जास्तच पडतील. मी आता कुणाच्याही घरी गेले की थेट स्वयंपाकघरात शिरते, झाकणं उचलून बघते, आणि तिथल्या सुना माझ्यावर वैतागतात. मजा येते.

एक मात्र पोस्टमनच्या लेकीलाही सांगितलं नाही, आणि उद्या मंचावर सांगेन असं वाटत नाही. त्या पहिल्या फिल्ममध्ये स्वयंपाकघराचं एकही चित्र आतून घेतलेलं नाही. पुस्तिकेत त्याला 'अलिप्त नजर' म्हटलंय. त्या दिवशी काकूंनी मला दोनदा आत बोलावलं होतं. मी उंबऱ्याबाहेरच कॅमेऱ्याची तिपाई लावली आणि म्हटलं, इथून उजेड बरा मिळतो. उजेड आत होता, आई. खिडकी आतच होती.